संक्रांतीच्या हळदीकुंकवातला पारा

मित्रांनो, मी एक जुना पारा आहे, रक्तदाब मोजायच्या यंत्रातला. तुम्ही ते यंत्र पाहिले असेल किंवा नसेलही, कारण आता ते फारसे दिसत नाही. लोखंडी पेटीचे झाकण उघडले की आत एक उभी काचेची नळी असते, नळीच्या बाजूला आकडे असतात, आणि पेटीतून निघालेल्या रबरी नळीच्या टोकाला दंडावर बांधायचा कापडी पट्टा असतो. त्या काचेतून चकचकत वर चढणारा आणि खाली उतरणारा तो मी. गोष्ट सांगताना मी मधेच पुढे पळालो किंवा मागे आलो तर रागावू नका. एका जागी स्वस्थ बसणे मला जमतच नाही.

लोक रागावले की म्हणतात, अमक्याचा पारा चढला. मला त्याचे फार वाईट वाटते. माझा रागाशी काडीचा संबंध नाही. कोणी रबरी फुगा दाबला की मी चढतो, हवा सोडली की उतरतो, आणि उतरता उतरता माणसाच्या नसांमधून रक्त किती जोराने धावते आहे ते खरे खरे सांगतो. एवढेच माझे काम, पण ते मी मन लावून केले.

मी कोणत्या डोंगराच्या पोटातून निघालो ते मला आठवत नाही. आठवते ती अंबाल्याच्या कारखान्यातली बाटली आणि मला काळजीपूर्वक नळीत ओतणारा एक हात. तिथून मी जयपूरला एका खासगी रुग्णालयात आलो आणि तिथेच मला अनुसयाबाई भेटल्या.

अनुसयाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान देवराम फौजेत सुभेदार होते. शेवटची बदली जयपूरला झाली, आणि निवृत्त झाल्यावर दोघांनी इथेच खातीपुऱ्यात लहानसे घर बांधले. बाई त्या रुग्णालयात नर्स होत्या. त्यांच्याकडून रक्तदाब मोजून घेणे म्हणजे शाळेत हजेरी देण्यासारखे होते. पाठ टेकवा. पाय जमिनीवर. हात टेबलावर. घटकाभर शांत बसा. आणि मुख्य म्हणजे बोलू नका. बोलणाऱ्या माणसाचा आकडा उगाच वर जातो, असे त्या सांगायच्या. कोणी म्हणाले, "सिस्टर, मैं तो अभी सीढ़ी चढ़के आया हूँ," तर म्हणायच्या, "तो बैठिए भाईसाब, सीढ़ी को उतर जाने दीजिए."

त्या वर्षांत आम्ही खूप फिरलो. शहराबाहेरच्या ढाण्यांवर, म्हणजे शेतांतल्या लहान वस्त्यांवर, शिबिरे भरायची. रंगीत साफे बांधलेले आजोबा रांगेत उभे राहायचे आणि हसत हसत हात पुढे करायचे, कारण त्यांना काहीच होत नसायचे. ही माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी काळजी. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. त्याला खोकला नाही, ताप नाही. माणूस जेवतो, खातो, पतंग उडवतो, आणि आतून त्याचे हृदय आणि मेंदू हळूहळू झिजत असतात. जगभरात कितीतरी माणसे याच न दुखणाऱ्या दुखण्याने वेळेआधी जातात. म्हणून तर देशोदेशीचे डॉक्टर सांगतात, दुखण्याची वाट पाहू नका, आधी मोजा. एवढ्या मोठ्या कामातला एक बारीकसा वाटा माझा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग एक दिवस बातमी आली की माझी जातच बंद होणार. अनेक देशांनी मिळून ठरवले की पाऱ्याची उपकरणे हळूहळू काढून टाकायची. का, तर मी विषारी आहे. नळी फुटली, मी सांडलो, तर माझी वाफ माणसाच्या अंगात जाते, नदीत गेलो तर मासे नासवतो. मला राग यायला हवा होता. पण ज्यांनी हे ठरवले तेही माणसांच्या जिवासाठीच धडपडत होते, मग रागवायचे कोणावर? रुग्णालयात बॅटरीवर चालणारी नवी यंत्रे आली. अनुसयाबाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या आणि जाताना मला मागून घेऊन घरी गेल्या.

घरी माझे कौतुक झाले आणि हेळसांडही झाली, पण ती हेळसांड माझ्या पेटीची नव्हती, माझ्या आकड्यांची होती.

रोज सकाळी चहाच्या आधी देवरामकाका परेडला उभे राहिल्यासारखे ताठ बसायचे आणि डावा हात टेबलावर ठेवायचे. बाई मोजायच्या, आकडा सांगायच्या आणि त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायच्या. काका ती गिळायचे आणि सलाम ठोकायचे. हे वर्षानुवर्षे चालले. बाईंनाही रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी त्यांनाही गोळी दिली होती. पण स्वतःचे त्या नंतर मोजायच्या, एकट्या, काका पेपर आणायला गेले की. डाव्या दंडाला स्वतःच पट्टा गुंडाळायचा, उजव्या हाताने फुगा दाबायचा, स्टेथोस्कोप कानात. पावसाळ्यात त्यांचा आकडा छान खाली आला. त्या माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "झालं की बरं. आता कशाला उगीच रोजची गोळी?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. अहो बाई, मी खाली आलो तो गोळीमुळेच! गोळी थांबली की मी परत वर जाणार! हीच गोष्ट त्यांनी इतर शेकडो लोकांना दरडावून सांगितली होती. पण मला फक्त आकडा दाखवता येतो, आकड्यामागचे कारण सांगता येत नाही. माझी चांगली बातमीच त्यांच्या वाइटावर उठली.

थंडी पडू लागली तसा आकडा चढला. बाई म्हणाल्या, "आत्ताच जिना चढले ना." पुन्हा मोजले. "चहा घेतला होता." पुन्हा मोजले. "रात्री झोप नव्हती." असे करता करता जो सगळ्यात कमी येईल तो आकडा त्या खरा धरायच्या. दुसऱ्या कोणाला त्यांनी अशी सूट कधी दिली नव्हती. आणि पुढे पुढे कमी आकडा येईनासा झाला तेव्हा त्यांनी स्वतःचे मोजणेच सोडले. काकांचे मात्र रोज चालू. माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा.

आता मी पळत पळत गेल्या संक्रांतीवर येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

जयपूरची संक्रांत म्हणजे सगळे शहर गच्चीवर. आभाळात पतंग, गच्चीगच्चीवर भोंगे, आणि कोणाचा पतंग कापला की "वो काटा!" अशी आरोळी. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून अनुसयाबाई त्याच दुपारी हळदीकुंकू ठेवतात. जयपुरातल्या मराठी बायका येतात, कोणी फौजी घरातल्या, कोणी मालवीय नगरच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या. ज्यांचे यजमान गेले आहेत त्यांनाही बाई आग्रहाने बोलावतात आणि त्यांनाही कुंकू लावतात. हळदीकुंकू म्हटले की वाण आलेच. कोणी वाट्या लुटते, कोणी रुमाल. बाईंनी जाहीर करून टाकले, "यंदा मी बीपी लुटणार. येईल तिचं मोजून देणार."

"काकू, लुटणार म्हणजे वाढवणार का कमी करणार?" हर्षालीने विचारले. ही नाशिकची, इथे एका कंपनीत संगणकाचे काम करते. सगळ्या खळखळून हसल्या.

गर्दी फार, म्हणून बाईंनी मदतीला विनयाला घेतले. विनयाचे यजमान सध्या इथल्या छावणीत आहेत, ती कोल्हापूरकडची. बाईंनी तिला गेले काही महिने मोजायला शिकवले होते आणि पोरगी हुशार निघाली. खिडक्या लावून घेतल्या, तरी भोंग्याचा आवाज आत येतच होता. बाई कपाळ चोळत म्हणाल्या, "सकाळधरनं डोकं ठणकतंय. हे भोंगे जीव घेणार माझा."

एकेक जण येऊन बसू लागली. बाईंनी हळदीकुंकू लावायचे, तिळगूळ द्यायचा, मग खुर्चीत बसवून पट्टा बांधायचा. संक्रांतीला गोड बोलायचे असते, पण इथे मुळीच बोलायचे नाही, यावरून पुष्कळ थट्टा झाली. दोघीतिघींचे आकडे जास्त निघाले, त्यांना बाईंनी डॉक्टरकडे जायला बजावले. हर्षालीचा अगदी छान निघाला. मी कधी नव्हे इतका खूश होतो आणि कधी नव्हे इतका बेचैन, कारण ज्या दंडाची मी वाट पाहत होतो तो अजून आलाच नव्हता.

मग विनयाची पाळी आली. बाईंनी तिला कुंकू लावले. रीतीप्रमाणे विनयाने त्यांच्या हातातली कोयरी घेतली आणि उलट त्यांना लावले. आणि मग तिने त्यांचा हात धरून त्यांनाच खुर्चीत बसवले.

"बसा आता. तुमचं मी मोजते."

"आगं, हे काय!" बाई उठू लागल्या. "हळदीकुंकू उलट लावतात. वाण उलट देत नाहीत. रीत आहे ती."

"कुठली रीत? बीपी लुटायची तरी कुठं रीत हाय?"

"बायका ताटकळल्यात विनया."

"ताटकळू देत की. आमची काय गाडी सुटणार नाही," हर्षाली म्हणाली. "बसा ना काकू. मतलब, दोन मिनिटांचं तर काम."

सगळ्यांनी गलका केला. बाईंना बसावे लागले. विनयाने पट्टा गुंडाळला आणि बाईंचाच आवाज काढून म्हणाली, "पाठ टेकवा. पाय जमिनीवर. बोलायचं नाही." खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटते आम्हा दोघांनाच ठाऊक होते काय होणार ते.

विनयाने फुगा दाबला, मी चढलो. नेहमीच्या उंचीवर तिने हवा सोडायला सुरुवात केली आणि लगेच थांबली, कारण ठोके आधीच ऐकू येत होते. तिने पुन्हा दाबले. मी दोनशेच्या पुढे गेलो, आणखी पुढे, नळीचा हा भाग मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मग ती हळूहळू हवा सोडू लागली आणि दोनशे वीसच्या आसपास पहिला ठोका बसला. मी काचेत थरथरलो. विनयाचा चेहरा उतरला.

"काकू, माझं काहीतरी चुकतंय."

"तुझं नाही चुकत," बाई चटकन म्हणाल्या आणि पट्टा ओढून काढू लागल्या. "यंत्र बिघडलंय ते. जुनं झालंय. पारा अडकत असेल."

मित्रांनो, आयुष्यभर खरे बोललो आणि ज्या बाईने मला सांभाळले तिनेच चार लोकांत मला खोटे ठरवले. पण खरे सांगतो, अपमान मला त्या वेळी जाणवलाच नाही. मला एकच भीती वाटत होती. माझे म्हणणे आता पेटीत बंद झाले तर बाई वाचणार नाहीत.

हर्षालीने माझी अब्रू राखली. तिने पुढे होऊन आपला हात टेबलावर ठेवला. "माझं पुन्हा बघ. मघाशी काकूंनी बघितलं होतं." विनयाने मोजले आणि आकडा जवळजवळ तोच आला.

"काकू, मशीन ठीक आहे," हर्षाली हळूच म्हणाली. "तुम्ही गोळी घेता ना?"

"बघू. उद्या जाते डॉक्टरकडं. आधी हे कार्य तर होऊ दे." असे म्हणत बाई उठल्या, कोयरी उचलली आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला गेल्या.

त्यांचे बोट तिच्या कपाळावर टेकलेच नाही. ते भुवईवरून घसरून गालावर गेले आणि कुंकवाचा लांब पट्टा उमटला. ज्या बाईला लावले ती हसली, आणखी कोणी कोणी हसले. अनुसयाबाई आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. त्यांनी काहीतरी म्हटले, पण शब्द जड आणि वेडेवाकडे आले. कोयरी खाली पडली.

विनया जिन्याकडे धावली. "काका! ओ काका, खाली या लवकर!"

देवरामकाका हातात मांजाची चरखी घेऊनच खाली आले. "काय झालं गं?" त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि चरखी तिथेच टाकून दिली. "अनुसया! आगं बघ की माझ्याकडं!"

मग सगळे फार वेगाने घडले. हर्षालीने गाडीच्या किल्ल्या काढल्या, विनयाने आणि काकांनी बाईंना दोन्ही बाजूंनी धरले, आणि ते गेले. बाकीच्या बायकाही काळजी करत एकेक निघाल्या. कोणीतरी बाहेरून कडी लावली. मी टेबलावर उघडाच राहिलो.

ती दुपार मी विसरणार नाही. पट्टा मोकळा, मी शून्यावर, आणि बाहेर "वो काटा! वो काटा!" चाललेले. मला पाय नाहीत, आवाज नाही. सगळे आयुष्य वर-खाली धावलेला मी, आणि जेव्हा खरोखर धावायला हवे होते तेव्हा एका नळीत अडकून पडलो होतो. रस्त्यात मांजा आडवा येत असेल का? गर्दी असेल का? बाई बोलत असतील का? जमिनीवर तिळगुळाचे दाणे आणि सांडलेले कुंकू तसेच पडले होते. ते पाहवत नव्हते, आणि दुसरीकडे पाहायची मला सोय नव्हती.

दिवेलागणीला, आभाळात कागदी कंदील चढू लागले तेव्हा विनया बाईंचे कपडे न्यायला आली. ती फोनवर तिच्या आईशी बोलत होती. "मेंदूत गुठळी झाली म्हणाले. लगेच आणलं म्हणून इंजेक्शन देता आलं, आधी बीपी खाली आणलं आणि मग दिलं. उशीर झाला असता तर काय खरं नव्हतं." तिने फोन ठेवला, कुंकू पुसून घेतले, आणि मग माझ्यासमोर उभी राहून पदराने डोळे पुसत रडली. मलाही रडता आले असते तर बरे झाले असते.

अनुसयाबाई घरी आल्या त्या काकांच्या खांद्याला धरून. बोलणे बरेचसे परत आले होते. उजवा हात मात्र अजून ऐकत नव्हता. हातातला चेंडू दाबायचा व्यायाम त्यांना दिला होता, आणि तो चेंडू पुन्हा पुन्हा सुटून पलंगाखाली जायचा. हर्षालीने बॅटरीचे नवे यंत्र आणून दिले. बाई म्हणाल्या, "आता पारा घरात ठेवायचा नाही. फुटला तर विष आहे. नेऊन द्या जिथं नीट गोळा करतात तिथं." मला वाईट वाटले नाही. त्यांचे बरोबर होते.

आज सकाळी काकांनी मला शेवटचे एकदा टेबलावर घेतले. नेहमीप्रमाणे ते आपला हात पुढे करतील असे मला वाटले. त्यांनी पट्टा बाईंच्या दंडाला बांधला. बाईंनी डाव्या हाताने स्टेथोस्कोप कानात घातला आणि फुगा काकांनी दाबला. इतक्या ओबडधोबडपणे मला आजवर कोणी चढवले नव्हते. मी धक्के खात वर गेलो आणि सावकाश उतरू लागलो.

"एकशे छप्पन," बाईंनी स्वतःच मोठ्याने सांगितले. "जास्त आहे अजून. गोळी द्या."

काकांनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "एवढी वर्षं रोज सकाळी माझं बघितलंस तू," ते म्हणाले. "अन् मी एवढा मोठा सुभेदार, तुझ्या दंडाला एक दिस पट्टा बांधला न्हाई गं."

बाईंनी गोळी घेतली आणि काकांनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

उद्या मला नेतील, एका घट्ट डब्यात बंद करतील, आणि मग मी कोणाच्या कामाचाही नसेन आणि कोणाला अपायही करणार नाही. म्हणून जाण्याआधी घाईघाईने एवढे मागून घेतो. तुमच्या घरातही एक माणूस असेल जे सगळ्यांच्या गोळ्या आठवणीने देते, सगळ्यांना डॉक्टरकडे पिटाळते, सगळ्यांचे पथ्य सांभाळते. आज घरी गेलात की त्या माणसाला खुर्चीत बसवा आणि दंड पुढे करायला सांगा. ते म्हणेल, मला काय धाड भरली आहे. ते म्हणेल, स्वयंपाक राहिला आहे, उद्या बघू. मित्रांनो, त्याचे काही एक ऐकू नका.